अपील नसलेला निकाल

मे महिन्यात कोकणातली गावे माणसांनी भरतात. नोकरीधंद्यासाठी मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबे घरी येतात, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान ख्रिस्ती मंडळ्या आपल्या सभा याच दिवसांत ठेवतात, कारण एरवी रविवारच्या उपासनेला मोजकी वयस्कर माणसेच उरलेली असतात. या सभांतल्या संदेशांत एक सूर आता इतका रूढ झाला आहे की त्याबद्दल कोणी प्रश्नही विचारत नाही. येशूवर विश्वास ठेवल्यामुळे देवाने तुम्हाला नीतिमान ठरवले हे खरे, पण ते टिकवणे तुमच्या हातात आहे, असे सांगितले जाते. एखादे पाप घडले, प्रार्थनेत खंड पडला, जगाची ओढ लागली की ते गेले. मग नव्याने पश्चात्ताप, नव्याने समर्पण, आणि काही ठिकाणी तर नव्याने बाप्तिस्मा. ऐकणारे घाबरतात, रडत पुढे येतात, आणि पुढच्या वर्षी त्यांतलेच कितीतरी जण पुन्हा पुढे येतात.

व्यासपीठावरून जे शिकवले जाते त्याचा परिणाम सगळ्या मंडळीवर होतो, म्हणून त्याची चर्चाही उघडपणे व्हायला हवी. माझे म्हणणे असे आहे की देवाने विश्वासणाऱ्याला नीतिमान ठरवणे हा अखेरच्या दिवसाचा निकाल आहे आणि तो आजच जाहीर झालेला आहे. तो तात्पुरता हुकूम नाही, आणि विश्वासणाऱ्याच्या हातून पुढे घडणाऱ्या पापामुळे तो फिरत नाही. जो उपदेश त्याला तात्पुरता करून टाकतो, तो लोकांना पवित्र करण्याच्या हेतूने का होईना, त्यांची नजर ख्रिस्तावरून काढून स्वतःवर खिळवतो.

मुळात नीतिमान ठरवणे ही कृती कोणती आहे, हे आधी पाहायला हवे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या नियमशास्त्राच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाधीशांना आज्ञा आहे की त्यांनी निर्दोषाला निर्दोष ठरवावे आणि दोष्याला दोषी ठरवावे. न्यायाधीशाने दोषी ठरवल्यामुळे आरोपी आतून अधिक वाईट होत नाही, तसाच निर्दोष ठरवल्यामुळे तो आतून अधिक चांगलाही होत नाही. न्यायासनासमोर तो कोठे उभा आहे एवढेच त्या शब्दाने ठरते. दुष्टाला नीतिमान ठरवणाऱ्याचा परमेश्वराला वीट येतो, असे नीतिसूत्रांत स्पष्ट लिहिलेले असताना प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात देवाला ‘अभक्ताला नीतिमान ठरवणारा’ म्हणतो, आणि हे वाक्य वाचून आपण दचकलो नाही तर आपण ते नीट वाचलेलेच नाही. देव स्वतःच ज्या गोष्टीचा धिक्कार करतो ती तो स्वतः कशी करेल? याचे उत्तर पौलाने तिसऱ्या अध्यायातच देऊन ठेवले आहे. देवाने ख्रिस्ताला त्याच्या रक्ताने होणारे प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवले, यासाठी की तो स्वतः न्यायी असावा आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणाराही असावा. पापाकडे काणाडोळा झालेला नाही. पापाचा दंड दिला गेला आहे, आणि तो दुसऱ्याने सोसला आहे.

निकाल ज्या पायावर उभा आहे तो पाया विश्वासणाऱ्याच्या बाहेर आहे, आणि या सगळ्या वादाचे मूळ येथेच आहे. माझ्या आज्ञापालनावर निकाल लागला असता तर माझ्या अवज्ञेने तो फिरला असता. ते न्यायाचेच झाले असते. पण तो माझ्या आज्ञापालनावर लागलेलाच नाही. जे कारण निकालात धरलेच गेले नव्हते, ते नाहीसे झाले म्हणून निकाल रद्द कसा व्हावा? विश्वाससुद्धा येथे पाया म्हणून येत नाही. तो रिकामा हात आहे, दुसऱ्याचे नीतिमत्त्व स्वीकारणारा, आणि हात थरथरला म्हणून हातात ठेवलेल्या वस्तूचे मोल कमी होत नाही.

अब्राहामाकडे पाहा. त्याने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व असे गणण्यात आले, हे उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात आहे. सुंतेची आज्ञा सतराव्या अध्यायात येते, आणि पौल आपला सगळा युक्तिवाद या क्रमावर उभा करतो. याच क्रमात आणखीही एक गोष्ट आहे, जिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. सोळाव्या अध्यायात अब्राहाम पुत्राच्या अभिवचनाची वाट पाहण्याऐवजी साराची दासी हागार हिच्यापासून मूल मिळवण्याचा मार्ग धरतो, आणि विसाव्या अध्यायात गराराच्या राजासमोर सारा आपली बहीण आहे असे सांगून तिला धोक्यात लोटतो. दोन्ही गोष्टी निकालानंतरच्या आहेत. दोन्हींचे कडू फळ त्याच्या घराला भोगावे लागले. पण त्याचे नीतिमत्त्व खोडून काढले गेले आणि गरारानंतर पुन्हा नव्याने गणले गेले, असे एक अक्षरही पवित्र शास्त्रात नाही. याकोब आपल्या पत्रात इसहाकाच्या अर्पणाचा दाखला देतो तेव्हा तोही उत्पत्तीतले तेच पंधराव्या अध्यायातले वचन पूर्ण झाले असे म्हणतो. कित्येक वर्षांपूर्वी लागलेला निकाल खरा होता हे त्या अर्पणाच्या दिवशी मोरिया डोंगरावर दिसून आले. तो त्या दिवशी लागला नाही.

कोकणातल्या वाचकाला जमिनीच्या कज्जांबद्दल वेगळे सांगायला नको. आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो, तालुक्याच्या कोर्टात जिंकलेले जिल्ह्याच्या कोर्टात जाते, तेथून उच्च न्यायालयात, आणि निकाल हाती असूनही त्या घरात समाधान म्हणून नसते, कारण अपील पडून आहे. झाडे लावायची तरी जीव धजत नाही. उद्या जमीन राहते की जाते कोणास ठाऊक. आपल्या मंडळ्यांतले कितीतरी प्रामाणिक विश्वासणारे आपले सगळे ख्रिस्ती आयुष्य असेच जगतात. निकाल त्यांच्या बाजूने लागल्याचे त्यांनी ऐकलेले असते, पण वरच्या कोर्टाचे काय होईल याचा घोर कायम असतो. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय नेमका हाच घोर मोडून काढतो. देवाच्या निवडलेल्यांवर दोषारोप कोण ठेवील, असे पौल विचारतो, आणि पुढे सांगतो की नीतिमान ठरवणारा देवच आहे. खाली कोणी तरी ठरवले आणि वर देव ते तपासणार आहे असे नाही. ज्याच्यावर कोणीच नाही त्या न्यायासनानेच निकाल दिला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू स्वतः म्हणतो की त्याचे वचन ऐकून पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवणारा न्यायाच्या प्रसंगात येत नाही, तो मरणातून जीवनात पार गेला आहे. पार जाणार आहे असे तेथे लिहिलेले नाही.

आपल्या देशातल्या जुन्या हिंदू धर्मशास्त्रकारांनी न्यायव्यवहाराचा विचार करताना प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत. आरोप खोटा आहे असे म्हणणे हे मिथ्या उत्तर, आरोप कबूल करणे ही संप्रतिपत्ती, गोष्ट खरी आहे पण तिचे वेगळे कारण आहे असे सांगणे हे प्रत्यवस्कंदन, आणि याच वादाचा निवाडा पूर्वीच झालेला आहे असे दाखवणे हा प्राङ्न्याय. एकदा निवाडा झालेला वाद त्याच पक्षांत पुन्हा चालवायचा नाही, हे तत्त्व १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही अकराव्या कलमात आहे. मला हे चार प्रकार विश्वासणाऱ्याच्या स्थितीसाठी फार अचूक वाटतात. विवेकबुद्धी आरोप करते, सैतान आरोप करतो, कधी कधी मंडळीतला भाऊच आरोप करतो. तेव्हा विश्वासणाऱ्याने मिथ्या उत्तर द्यायचे नाही. ‘आपल्या ठायी पाप नाही असे म्हटले तर आपण स्वतःला फसवतो’ हे योहानाने सांगून ठेवले आहे. परिस्थिती तशी होती, सोबत तशी होती, अशा कारणांचा आधारही घ्यायचा नाही. त्याने पाप पूर्णपणे कबूल करायचे, आणि त्याच श्वासात या पापाचा निवाडा वधस्तंभावर झालेला आहे हे दाखवायचे. संप्रतिपत्ती आणि प्राङ्न्याय ही दोन उत्तरे मानवी कोर्टात एकत्र क्वचितच शोभतील. ख्रिस्ती माणसाच्या तोंडी मात्र ती एकत्रच असतात. यातले पहिले उत्तर सोडले तर माणूस निर्ढावतो. दुसरे सोडले तर तो खचतो, आणि खचलेला माणूस फार दिवस पाप कबूल करत नाही, ते लपवायला लागतो. मी हे वारंवार पाहिले आहे. ज्या मंडळ्यांत तारण गेल्याची धमकी सतत दिली जाते तेथे प्रांजळपणा वाढत नाही, चेहरे सांभाळण्याची सवय वाढते.

मग विश्वासणाऱ्याच्या पापाचे काहीच होत नाही का? होते, आणि फार गंभीर होते. कोकणात मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांची सुरुवात १८२३ साली बाणकोटला आणि मग हर्णैला काम करू लागलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांपासून होते. त्या लोकांचे विश्वासपत्रक म्हणजे स्कॉटलंडच्या मंडळीने १६४७ मध्ये स्वीकारलेले वेस्टमिन्स्टरचे विश्वासपत्रक. पुढे रत्नागिरी आणि वेंगुर्ल्याला आलेले अमेरिकन प्रेस्बिटेरियनही याच परंपरेतले होते. त्या पत्रकाच्या अकराव्या अध्यायात म्हटले आहे की नीतिमान ठरवलेले लोक त्या स्थितीतून कधीही ढळू शकत नाहीत, तरी ते आपल्या पापांमुळे देवाच्या पितृतुल्य नाराजीखाली येऊ शकतात, आणि ते नम्र होऊन पाप कबूल करून क्षमा मागेपर्यंत त्याच्या मुखाचा प्रकाश त्यांना परत लाभत नाही. ‘पितृतुल्य’ हा शब्द तेथे विचारपूर्वक घातला आहे. न्यायाधीशापुढचा मामला संपला आहे आणि बापापुढचा सुरू झाला आहे. बापाची नाराजी न्यायाधीशाच्या शिक्षेपेक्षा हलकी असते असेही नाही. पापकबुलीचे एक्कावन्नावे स्तोत्र वाचणाऱ्याला दावीद राजाची हाडे मोडल्याचा आवाज ऐकू येतो. पण दावीद तेथे ज्याच्याकडे धावतो तो त्याचाच देव आहे. आपल्याला हे शिकवणाऱ्यांची शिकवण आपण विसरलो, आणि तिच्या जागी जे आणले ते अधिक धार्मिक आहे असे समजलो, याचे मला मनापासून दुःख होते.

या भागातल्या पहिल्या पिढीच्या विश्वासणाऱ्यांवर या विसराचा भार सर्वांत जास्त पडतो. कोकणात गणपतीला सगळे घर एका छपराखाली येते. त्या घरात एकटाच येशूवर विश्वास ठेवणारा मुलगा किंवा सून असते; आईवडिलांचे प्रेम खरे असते, त्यांची श्रद्धा त्यांच्या दृष्टीने खरी असते, आणि आरतीला उभे राहा एवढेच ते मागतात. एखादा उभा राहतो. मनाविरुद्ध, वडिलांच्या डोळ्यांतले पाणी पाहून, किंवा नुसत्या भीतीने. तो परत मंडळीत येतो तेव्हा त्याला सांगितले जाते की तुझे तारण गेले. मी त्याच्या कृतीला योग्य म्हणत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल मूर्तीच्या मंदिरातल्या भोजनाबद्दल कडक बोलतो, आणि प्रभूच्या मेजाचा व भुतांच्या मेजाचा भाग एकाच वेळी घेता येत नाही असे बजावतो. परंतु ज्या करिंथकरांना तो हे बजावतो, त्यांनाच त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याने सांगितलेले आहे की तुम्ही धुतलेले आहात, पवित्र केलेले आहात, नीतिमान ठरवलेले आहात. आधी ते सांगितले म्हणूनच नंतरचे बजावणे त्यांना पेलवते. त्या मुलाला हवा असतो तो शेजारी बसणारा मंडळीतला एखादा वडीलधारा, जो त्याला म्हणेल की तुझे चुकले, पुढच्या वर्षी काय करायचे ते आपण मिळून ठरवू, आणि तुझ्या घरच्यांशी आदराने कसे बोलायचे तेही पाहू. ज्याला स्वतःचा निकालच ठाऊक नाही त्याने घरच्यांसमोर ठाम उभे राहावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

उत्तरेकडे वसईच्या पट्ट्यात आणि दक्षिणेकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्यात आपले ख्रिस्ती शेजारी बहुधा कॅथलिक आहेत, आणि या विषयावर त्यांच्या धर्मसभेची भूमिका वेगळी व विचारपूर्वक मांडलेली आहे. ट्रेंटच्या परिषदेने जानेवारी १५४७ मध्ये काढलेल्या आदेशात नीतिमान ठरवणे म्हणजे पापक्षमेबरोबरच अंतःकरणाचे नवीकरण असे मानले, ती कृपा प्रत्येक प्राणघातक पापाने नष्ट होते असे सांगितले, आणि ती प्रायश्चित्त-संस्काराने परत मिळते असे शिकवले. शेवटपर्यंत टिकण्याची अचूक खात्री कोणी विशेष प्रकटीकरणावाचून सांगू नये, असेही त्यात बजावले आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला लुथरन महासंघाने आणि कॅथलिक धर्मसभेने याच विषयावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात सामील झाले, आणि माणूस केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने स्वीकारला जातो हे सर्वांनी मिळून म्हटले. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचा आनंद मानायलाच हवा. तरीही निकाल आणि नवीकरण एकत्र केले की निकाल नवीकरणाइतकाच अपुरा राहतो, ही अडचण माझ्या मते संपलेली नाही, कारण माझे नवीकरण रोज कमीजास्त होते. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. कॅथलिक शिकवणीत कृपा हरवलेल्याला परत येण्याचा एक ठरलेला मार्ग आहे, फादर आहेत, पापक्षमेचे स्पष्ट शब्द आहेत. आमच्या सभांतून कृपा हरवल्याचे सांगणारे तसा मार्गही देत नाहीत. ते माणसाला त्याच्या भावनांच्या हवाली करतात, आणि पुरेसे रडू आले की नाही हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.

याच्या विरोधात जी वचने पुढे केली जातात ती टाळून चालणार नाही. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे की ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, ते पतित झाले तर त्यांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवे करणे अशक्य आहे. ज्यांना दरवर्षी समर्पण हवे आहे त्यांनी प्रथम हे पाहावे की हे वचन त्यांच्या बाजूचे नाहीच. येथे तारण हरवण्याचा प्रकार असेल तर तो परत न मिळण्याचा आहे. मे महिन्यात हरवून पुढच्या मे महिन्यात सापडणारे तारण या वचनाला ठाऊक नाही. लेखक पुढच्याच ओळींत पाऊस पिणाऱ्या जमिनीचे उदाहरण देतो. एकाच पावसाने एक जमीन उपयोगी पीक देते आणि दुसरी काटेकुसळे. पाऊस दोघींवर पडतो. पावसाचा स्पर्श आणि पीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग तो आपल्या वाचकांकडे वळून म्हणतो की प्रियजनहो, आम्ही असे बोलत असलो तरी तुमच्याविषयी याहून चांगल्या, तारणाच्या गोष्टींची आमची खातरी आहे. म्हणजे आधी वर्णन केलेले अनुभव कितीही मोठे असले तरी ते तारणाहून वेगळे असू शकतात हे त्याने स्वतःच सुचवले आहे. मंडळीत वाढलेला, गाणी पाठ असलेला, सामर्थ्याची कामे पाहिलेला माणूस जाणूनबुजून ख्रिस्ताला लाथाडून निघून जातो, त्याच्यासाठी हा इशारा आहे. पाप करून रडणाऱ्यासाठी तो नाही. आणि हाच अध्याय संपतो तो जिवाच्या नांगराने, जो परमपवित्र स्थानाच्या पडद्याच्या आत, जेथे येशू आपल्यासाठी अग्रगामी म्हणून गेला आहे तेथे, रुतलेला आहे. या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला नांगराचा अर्थ कळायला उपदेशकाची गरज नाही.

दुसरे वचन गलतीकरांस पत्राचे, ‘तुम्ही कृपेला अंतरला आहा’. हे नेहमी दारू, व्यभिचार, चित्रपट यांच्या संदर्भात ऐकू येते. पौलाने ते कोणाला लिहिले? जे नियमशास्त्राने नीतिमान ठरू पाहत होते त्यांना. ख्रिस्ताच्या कामात सुंतेची भर घालून आपली बाजू भक्कम करू पाहणाऱ्या धार्मिक माणसांना. कृपेतून पडणे म्हणजे येथे निकालाचा पाया बदलणे. आणि म्हणून मला म्हणावे लागते की आपले नीतिमत्त्व उपवासांच्या आणि समर्पणांच्या आधारावर टिकवून ठेवा असे सांगणारा उपदेशक ज्या खड्ड्याचे भय दाखवतो, त्याच खड्ड्याकडे लोकांना घेऊन जातो.

खोटी निर्धास्ती मात्र खरोखर आहे, आणि तिचे समर्थन मी करणार नाही. सभेत हात वर केला, पुढाऱ्यामागून प्रार्थना म्हटली, कार्डावर नाव लिहिले, आणि त्यानंतर ना वचनाची भूक, ना पापाची लाज, ना गरिबाची कणव, अशा माणसाला तुझे तारण सुरक्षित आहे असे सांगणे हे त्याच्या जिवाशी खेळणे आहे. पण त्याच्याशी बोलताना आपण काय म्हणतो ते महत्त्वाचे आहे. प्रभू शेवटच्या दिवशी ‘मला तुमची कधीच ओळख नव्हती’ असे म्हणेल. ओळख होती आणि ती मी मोडली, असे तो म्हणत नाही. आपल्यातून निघून गेलेल्यांबद्दल योहानही लिहितो की ते आपल्यातले असते तर आपल्याबरोबर राहिले असते. म्हणून अशा माणसाला सांगायचे ते हे की तू ख्रिस्ताकडे अजून आलेलाच नसशील, ये. ज्याला देव नीतिमान ठरवतो त्याला तो आत्माही देतो. कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय या प्रश्नाला पौलाने दिलेले ‘कदापि नाही’ हे उत्तर धमकीवर उभे नसून आपण पापाला मेलो आहोत या घडलेल्या गोष्टीवर उभे आहे. आज अनेक सुवार्तिक ज्या परंपरेतून येतात तिचा जनक, मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली, याने विश्वासणारा पतित होऊ शकतो असे मानले हे खरे आहे. पण आपण देवाची मुले आहोत अशी आत्म्याची साक्ष मिळावी याचाच त्याने आयुष्यभर आग्रह धरला, आणि भीतीत ठेवलेली मंडळी त्याला आपली वाटली नसती.

आपल्या समाजात ‘अंती मति तशी गति’ ही समजूत खोल रुजलेली आहे आणि ख्रिस्ती घरेही तिच्यातून सुटलेली नाहीत. माणूस गेला की पहिला प्रश्न येतो, शेवटी काय म्हणाला? प्रभूचे नाव घेतले का? एखादा मासेमारीला गेलेला परतच येत नाही आणि त्याच्या शेवटच्या शब्दाला साक्षीदार नसतो. एखादी आजी, जिने साठ वर्षे पहाटे उठून प्रार्थना केली, ती स्मृती गेल्यामुळे स्वतःच्या मुलांना ओळखत नाही, येशूचे नाव घेतले तरी तिच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, कधी तर ती शिव्याही देते. विश्वास टिकवणे सर्वस्वी आपल्या हातात असेल तर या बाईला आपण काय सांगणार, आणि तिच्या लेकीला काय सांगणार? तिची पकड सुटली आहे. पण प्रभूने आपल्या मेंढरांबद्दल बोलताना त्यांच्या पकडीचा उल्लेखच केला नाही. त्याने सांगितले की त्यांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, आणि माझ्या पित्याच्या हातातूनही कोणी हिसकावून घेऊ शकत नाही. शिष्य पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले तेव्हा त्याचा विश्वास विझला नाही, कारण त्याच रात्री आधी भोजनावर बसून प्रभूने त्याला म्हटले होते की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. ती विनंती अजून चालू आहे. इब्री लोकांस पत्र म्हणते की तो मध्यस्थी करण्यास सर्वदा जिवंत आहे.

शेवटी मंडळीच्या वडिलांसमोर आणि पाळकांसमोर एक व्यवहाराची गोष्ट ठेवतो. आपल्याकडे प्रभुभोजनाच्या रविवारी कितीतरी जण बाकावर बसून राहतात. त्यांतले काही पापात राहू इच्छितात म्हणून बसतात. त्यांच्याशी बोलणे, गरज पडल्यास काही काळ त्यांना मेजापासून दूर ठेवणे, ही शिस्त मंडळीने सोडू नये. पण बरेच जण या आठवड्यात आपण पुरेसे चांगले वागलो नाही म्हणून बसतात, आणि त्यांना आत्मपरीक्षेचे वचन दाखवले जाते. तेच वचन आणखी चार ओळी पुढे वाचावे. करिंथात मेजाचा अपमान झाला, त्यामुळे कित्येक आजारी पडले, कित्येक मेले, इतकी कठोर शिक्षा झाली. आणि ती का झाली हे पौल स्वतः सांगतो, की जगाबरोबर आपल्याला दंडाज्ञा होऊ नये म्हणून प्रभूने आपल्याला शिक्षा केली. सर्वांत कडक शिस्तीच्या प्रसंगीसुद्धा दंडाज्ञेतून सोडवणारा निकाल जागचा हलला नव्हता. तेव्हा पुढच्या प्रभुभोजनाआधी वडिलांनी घरोघर जावे, बाकावर बसून राहणाऱ्यांना कारण विचारावे, पाप असेल तर ते त्यांच्याकडून ऐकून घ्यावे, आणि जे कबूल करतात त्यांना पुन्हा समर्पणाचे कार्ड न देता मेजाकडे घेऊन यावे.